दुसरी फ्लॉपी

माझी थोरली बहीण सुईण होती. एकतीस वर्षं तिने लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं केली आणि प्रत्येक बाळाबद्दल वहीत चार ओळी लिहिल्या. वेळ, वजन, कोण कसं रडलं, कुणाचं नाक कुणावर गेलं. पुढे तिची नजर अधू होत चालली तेव्हा म्हणाली, दिसतंय तोवर हे सगळं तुझ्या त्या डब्यात भरून टाकू. डबा म्हणजे कॉम्प्युटर. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या धंद्याबद्दल तिला यापलीकडे आदर नव्हता.

दर रविवारी ती भिंग धरून वाचायची, मी टाइप करून फ्लॉपीवर साठवायचो. पान झालं की ती ते फाडून चुलीत घालायची. लोकांच्या घरातल्या गोष्टी रद्दीत जाऊ नयेत, असं तिचं म्हणणं. फ्लॉपीची दुसरी प्रत काढायची मात्र माझ्याकडून राहूनच जात होती. पहिल्या फ्लॉपीत जुनी वर्षं होती, दुसरीत अलीकडची दहा-बारा.

मधेच फ्लॉपीचा ड्राइव्ह बिघडला. एका मोडीतल्या मशीनचा काढून बसवला. वाचत होता, लिहीत होता. मला तेवढं पुरे वाटलं. पण फ्लॉपी बदलली की ड्राइव्हने एका तारेतून मशीनला तसं कळवायचं असतं. कळवलं नाही, तर मशीन आधीच्या फ्लॉपीवर कुठे काय आहे याची लक्षात ठेवलेली यादीच खरी धरून चालतं. ती तार आतून तुटलेली होती.

त्या रविवारी ताईने जुन्या वर्षांतली एक चूक दुरुस्त करून घेतली. मग मी पहिली फ्लॉपी काढून दुसरी घातली. पडद्यावर यादी पहिलीचीच राहिली. मला ते खटकलं, पण हात चालू होते, ताई वाचत होती. दुपारभर मी टाइप करत, साठवत राहिलो. मशीन पहिलीची यादी दुसरीवर लिहीत होतं आणि मोकळी समजून भरलेली जागा पुसत होतं. संध्याकाळी उघडून पाहिलं तर नुसता कचरा.

तीन आठवडे मी त्या फ्लॉपीच्या मागे होतो. तुकडे हाती लागले. ‘पहाटे’. ‘दोन किलो’. ‘उजव्या कानामागे तीळ’. कुठला तुकडा कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी ताईला तारेचं सांगितलं.

“ड्राइव्ह बसवल्यावर फ्लॉपी बदलून पाहिली नव्हतीस?” तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिने भिंग पुसून कपाटात ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभराने एक शिवणकाम करणारी बाई आली. नऊ वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती, अर्धा तास जगली. ही तेव्हा शुद्धीवर नव्हती. शुद्ध आली तोवर नवरा सगळं उरकून आला होता आणि त्यानेही तोंड पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही, म्हणाली. आता ताई सगळं लिहून ठेवतेय असं कानावर आलं, म्हणून आली. मुलगी दिसायला कशी होती, एवढंच तिला हवं होतं.

ताई पाणी आणायला आत गेली. मी मागोमाग गेलो आणि हळूच म्हटलं, तिला तिळाचं सांग. असेलही तिच्याच मुलीचा.

“आणि नसला तर?” ताई म्हणाली. “कुणाच्या बाळाचा तीळ कुणाला द्यायचा नाही.”

बाहेर येऊन तिने सरळ सांगितलं, की लिहिलं होतं, ते गेलं, आणि आता आठवत नाही. बाईने पेल्याभोवती दोन्ही हात घट्ट धरले. मग तिने विचारलं, “तुम्ही तिला उचलून घेतलं होतं?”

“हो. ते आठवावं लागत नाही. असं बाळ मी कधीच खाली ठेवलं नाही. शेवटपर्यंत माझ्याजवळच असायचं.”

“कसं घ्यायचात?”

ताईने डावा हात कोपरात दुमडला आणि उजव्याने डोकं सावरल्यासारखं केलं. बाई त्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली. मला तिथे उभं राहवेना.

तिला बसथांब्यापर्यंत सोडायला मी गेलो. वाटेत सांगितलं, की चूक ताईची नाही, माझी. फ्लॉपी बदलल्याचं मशीनला कळलंच नाही.

“त्याला कळलं नाही, पण तुम्ही तर बदलली होतीत ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बस आली, ती चढली.

घरी आलो तर ताईने विचारलं, रडली का. मी म्हटलं, नाही.

“मग घरी जाऊन रडेल,” ताई म्हणाली, आणि हात मांडीत घेऊन बसली.