चार तासांची इडली

इडलीचा शेवटचा तुकडा ताटलीत उरला होता, चटणी नाही, सांबार नाही, कडेला सुकत चाललेला... मयुरीनं तो पाण्याबरोबर गिळला. इडलीत किरणं सोडणारं औषध मिसळलेलं. ती पोटातून किती वेळात पुढं सरकते, ते यंत्र दर तासाला बघणार होतं. चार तास. संध्याकाळपर्यंत लेकराला जवळ घेऊ नका, टेक्निशियन बाई म्हणाल्या होत्या, म्हणून एक वर्षाची रोशनी काचेपलीकडे, सासूबाईंच्या मांडीवर.

बाळंतपणापासून हेच — दोन घासांत पोट तट्ट, सकाळचा वरणभात संध्याकाळी घशाशी. "ताटात काऊन ठेवलं? माह्या हातचं गोड नाई लागत का तुले?" सासूबाई विचारायच्या, मग ती शिकली, पोळी ओढणीत लपवायची, गोठ्यात गाईपुढं टाकायची. पुढं पुढं तर गाय तिला बघूनच हंबरू लागली. दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली, तेव्हा नवरा, धीरज, म्हणाला, "सब नॉर्मल आहे. तूच डोक्यात घेऊन राह्यली." हसत म्हणाला, तेच जास्त लागलं.

दुसरा फोटो. तिसरा. बाकावर शेजारची बाई डोळे मिटून पुटपुटत होती — काही निघू नये म्हणूनच असेल. आणि मी? मी त्या इडलीला म्हणते आहे, थांब. हलू नकोस. तिथंच बस, एकदा घरच्यांना दिस... असं स्वतःचंच दुखणं मागणारी आई कसली?

चौथ्या फोटोनंतर पडद्यावर पोटात उरलेल्या इडलीचा पांढरा डाग होता. मोठा की लहान, कळेना.

"अजून आहे ना, मॅडम?"

"डॉक्टर सांगतील उद्या."

बाहेर रोशनी झेपावली. मयुरी दोन पावलं मागं सरली, हात पाठीमागं धरून. सासूबाईंनी डबा बाकावर ठेवला. "भाकर हाय. जमन तेवढी खाजो."

भाकरीचे अगदी बारके तुकडे केलेले, दुधात भिजवलेले, रोशनीला करतात तसे.

"गाय काऊन हंबरते तुले पाहून," सासूबाई नातीचं नाक पुसत म्हणाल्या, "समजत नाई का मले?"

म्हणजे माहीत होतं. वर्षभर, रोज, ताट वाढताना, 'गोड नाई लागत का' विचारताना — माहीत होतं...

मयुरीनं एक तुकडा उचलला. पोट भरलेलंच होतं. आता तो डाग कुणाला दाखवायचा होता, ते तिला आठवेना.