जळोबाचं पुनर्वसन

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, पण म्हणून चौपाटी नसावी असा काही कायदा नाही. येलदरीच्या धरणाचं पाणी जिथं मुरमाड उतारावर येऊन टेकतं, त्या जागेला लोकांनीच चौपाटी हे नाव दिलं. रविवारी जिंतूरहून, परभणीहून गाड्या भरभरून माणसं यायची. पोरं पाण्यात डुंबायची, बाया काठावर डबे सोडायच्या, पुरुष मोबाइलवर फोटो काढत उभे राहायचे. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला चांगुणाबाई असायची. एका हातात खराटा, गळ्यात शिट्टी.

बचत गटानं चौपाटीची राखण अंगावर घेतली तेव्हा बाकीच्या बायांनी कणसाच्या, भज्याच्या गाड्या टाकल्या. चांगुणाबाईनं झाडलोट मागून घेतली. तिला घाण खपत नसे. भज्याचा कागद पाण्याकडं उडाला, की तिची शिट्टी वाजलीच. कागद टाकणारा कितीही मोठा असो, वाकून उचलल्याशिवाय त्याची सुटका नसे.

जागा तशी गरीब गाईसारखी होती, फक्त एक शिंग होतं तिला. धरण बांधताना मुरूम उकरून नेलेला, त्याचा खड्डा पाण्याखाली तसाच होता. माणूस कमरेएवढ्या पाण्यात मजेत चालत जायचा आणि पुढच्या पावलाला पायाखाली काही नसायचं. मागच्या साली कॉलेजातला एक पोरगा तिथं बुडत होता. चांगुणाबाईच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, मासे धरायच्या तराफ्यावरून हात दिला म्हणून वाचला. तेव्हापासून धरणावरचे साहेब कातावलेले होते. आणखी एक भानगड झाली तर फाटकाला कुलूप, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. कुलूप म्हणजे गाड्या बंद, गटातल्या बायांच्या चुली अर्ध्या, आणि चांगुणाबाईचा खराटा पुन्हा स्वतःच्या अंगणापुरता.

म्हणून उन्हाळ्यात पाणी मागं हटलं तेव्हा नवरा-बायकोनं पहारीनं ढकलत एक भलामोठा दगड खड्ड्याच्या ऐन कडेवर नेऊन बसवला. पाणी चढलं तरी त्याचं डोकं वर राहील अशा बेतानं. लांबून दिसावा म्हणून रंग हवा होता. गावातल्या भागवत पाटलानं ट्रॅक्टरची ट्रॉली नुकतीच रंगवली होती, त्यातला उरलेला डबा त्यानं आनंदानं दिला. चांगुणाबाईनं दगडाला दोन हात मारले. फक्कड दिसला. इथून पुढं जायचं नाही, हे आंधळ्यालाही कळेल असा.

रंग शेंदरी होता. चूक झाली ती एवढीच.

चांगुणाबाईच्या बापानं छप्पन सालानंतर घरातले देव नदीला पोचवले, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. तिच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. शेंदूर लावलेला दगड बघून आसपासच्या माणसाचे हात आपोआप जुळतात, ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही, पण रंगवताना ती तिच्या ध्यानातच आली नाही. शाकाहारी माणसाला खाटकाच्या दुकानातला भाव कुठून आठवणार.

पाऊस बेताचा झाला, पाणी चढलं, दगडाचं डोकं तेवढं वर राहिलं. श्रावणातल्या पहिल्याच शनिवारी एक म्हातारी लुगडं खोचून थेट दगडापर्यंत गेली आणि नारळ फोडून आली. पुढच्या शनिवारी रांग लागली. कुणाची हरवलेली म्हैस सापडली, कुणाचा पोरगा पोलीस भरतीत निघाला. देवाला नाव पडलं जळोबा. इथवरही चाललं असतं, पण देव म्हटला की प्रदक्षिणा आली. आणि दगड होता खड्ड्याच्या कडेवर. म्हणजे प्रदक्षिणेची अर्धी वाट जमिनीवरून, अर्धी खड्ड्यावरून.

चांगुणाबाई पाण्यात उभी राहून शिट्टी फुंकू लागली. लोकांना वाटलं, आरती चालू झाली.

तिनं खरं काय ते सांगून पाहिलं. हा दगड मी बसवलाय, हा रंग ट्रॉलीचा हाय, हितं यायचं न्हाई म्हणून लावलाय. रांगेतल्या एका बाईनं तिच्याकडं इतक्या मायेनं पाहिलं की चांगुणाबाईला कसंतरीच झालं.

"माय, असंच असतंय," ती बाई म्हणाली. "ज्याला ठावं नसतं त्याच्याच हातून तो करून घेतो."

त्यानंतर ती जितकं खरं सांगे तितकं जळोबाचं माहात्म्य वाढे. शेवटी तर लोक दगडाआधी तिच्याच पाया पडू लागले.

एका शनिवारी सेनगावकडचा एक जाडजूड गृहस्थ प्रदक्षिणा घालता घालता दिसेनासा झाला. लिंबाजीनं तराफा हाणला आणि त्याला कॉलरीला धरून वर ओढलं. काठावर आल्यावर त्यानं पोटभर पाणी ओकलं, डोळे पुसले आणि जळोबानं वाचवलं म्हणून दगडाकडं तोंड करून हात जोडले. लिंबाजी ओल्या अंगानं त्याच्या शेजारीच उभा होता.

गोष्ट साहेबांपर्यंत गेली. त्यांचा निरोप आला, की रविवारी मी स्वतः येतो. त्या दगडापाशी एक जरी माणूस दिसला तरी त्याच दिवशी कुलूप.

निरोप आला त्या दिवशी जेवताना लिंबाजीनं तोड सुचवली. "जळोबा सपनात आला म्हनून सांग. लांबूनच हात जोडा म्हनला म्हनं."

"सकाळी पंचशील म्हनायचं आन दिसभर थापा मारायच्या?"

"एकच थाप. चांगल्या कामाची."

"मंग तुमीच सांगा."

"माझ्या सपनात कोन येनार? माझ्यावर कुनी इस्वास ठिवत न्हाई."

हे मात्र खरं होतं. लिंबाजीनं सांगितलेल्या माशाची लांबी सगळं गाव निम्मी करूनच धरायचं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई भागवत पाटलाच्या घरी गेली. भागवतशी बोलून उपयोग नव्हता, त्याची आई सुमनबाई हीच जळोबाची सगळ्यांत मोठी भक्त. दर शनिवारी तेलाची वाटी घेऊन जाणारी, आणि तिनं एक केलं की गावातल्या बाया तेच करणार. सुमनबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. चांगुणाबाईनं तिच्यासमोर बसून चार शेंगा फोडल्या आणि मग रंगाची सगळी हकीकत पुन्हा एकदा सांगितली.

सुमनबाईनं मान वर केली नाही. "मला काय शिकवायलीस? आमच्याच ट्रॉलीचा रंग मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मंग वो आक्का?"

"मंग काय. रंग कुठूनबी येवो. नमस्कार आता लय झालेत त्याला. आता काढून घेता येत न्हाईत."

चांगुणाबाईनं पुढची शेंग घेतली. शेंगा फोडता फोडता तिची नजर समोरच्या पारावर गेली. तिथं या गावचा मारुती होता. पण गावच मुळी धरणाआधी दुसरीकडं होतं, पाण्याखाली गेलेलं.

"आक्का, गाव उठलं तवा ह्यो मारुती कुठं होता?"

"कुठं म्हंजे? जुन्या गावात. आमच्या सासऱ्यानं बैलगाडीत गादी टाकून आनला त्याला. सगळ्यांच्या म्होरं त्याची गाडी. मानसाला जागा मिळायच्या आधी त्याला मिळाली." सुमनबाईचा हात थांबला. तिनं चांगुणाबाईकडं नीट पाहिलं. "तुझ्या मनात काय हाय ग?"

"मी देव म्हनायची न्हाई, आक्का. ते तुमचं तुमी बघा. पर जो पान्यात बसलाय त्याला कोरडी जागा मिळावी, एवढं तर खरं हाय का न्हाई?"

सुमनबाईनं दोन शेंगा फोडल्या, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

"धरणग्रस्त हाय म्हन की बिचारा," ती म्हणाली.

एवढं झाल्यावर पुढचं सांगायला नको. या भागातल्या माणसाला धरणग्रस्त म्हटलं की निम्मा कायदा तोंडपाठ असतो. दुपारपर्यंत गावभर झालं, की जळोबाला उठवायचं, आणि जागा चांगली द्यायची, आपल्याला दिली तशी खडकाळ नको. काठापासून लांब, गाड्यांच्या पलीकडच्या कडुलिंबाखालची जागा एकमतानं ठरली. पोथी बघणाऱ्यानं शनिवारचा मुहूर्त काढला. भागवतनं ट्रॉली धुतली आणि तिच्यात स्वतःच्या पलंगावरची गादी टाकली.

शनिवारी हलगी वाजवत सगळे काठावर आले. खड्ड्याची कड एकट्या लिंबाजीलाच पक्की ठाऊक, त्यामुळं देवाला दोर बांधायचा मान त्याच्याकडं आला. आयुष्यात पहिल्यांदाच गाव त्याचं सांगणं जसंच्या तसं ऐकत होतं, आणि तो ते भलतंच लांबवत होता. पहिला हात चांगुणाबाईचा, असा बायांनी हट्ट धरला. ज्या हातानं बसला त्याच हातानं उठणार.

"मी दगूड उचलायलेय," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि पहार घातली.

दगड उठला. गादीवर बसून, हलगीच्या तालावर, ट्रॉलीतून जळोबा लिंबाखाली गेला. इकडं लिंबाजीनं खड्ड्याच्या कडेनं बांबू रोवले, जाळ्याचे तरंगते डबे दोराला बांधून आडवे टाकले.

रविवारी साहेब आले. गुडघाभर पाण्यात पोरं खेळत होती. दोराच्या जवळपास चिटपाखरू नव्हतं. सगळी गर्दी लिंबाभोवती कोरड्या जमिनीवर गोल गोल फिरत होती. सेनगावचा तो जाडजूड गृहस्थही आला होता. तेव्हा राहिलेल्या प्रदक्षिणा तो आता मोठ्या आत्मविश्वासानं पुऱ्या करत होता.

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मग लिंबाकडं पाहिलं आणि त्यांची मान थांबली. करवंट्या, उदबत्तीची पाकिटं, पत्रावळ्या, केळाची सालं. वारा यातलं निम्मं उचलून पाण्याकडं नेत होता. हे असं असेल तर फाटक उघडं ठेवून काय उपयोग, असं काहीतरी ते पुटपुटले आणि खिशातून फोन काढू लागले.

तेवढ्यात एक म्हातारी चांगुणाबाईच्या पायाशी वाकली. चांगुणाबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

"पाया पडू नका, आजी. ती तुमची करवंटी आन पाकीट उचला, आन त्या पोत्यात टाका."

रांग थबकली. म्हातारीनं डोळे बारीक केले. "जळोबाची आज्ञा हाय का, माय?"

लिंबाजी मागून खोकला. हो म्हण, हो म्हण, असा तो खोकला होता.

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "माझी हाय."

म्हातारीनं क्षणभर विचार केला. मग वाकली, करवंटी उचलली, पाकीट उचललं आणि शेजारणीची पत्रावळसुद्धा उचलली. तिच्यामागची बाई वाकली. सुमनबाईनं पदर खोचला. बघता बघता सगळी रांग वाकली. साहेबांच्या बुटापाशी एक केळाचं साल पडलं होतं. चांगुणाबाईनं शिट्टी तोंडात धरली आणि त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि पोतं कुठं आहे ते विचारलं.