झिल्फा तापाने मेली नाही

मी एक जुनी फळी आहे, पावाचं पीठ मळायची. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात मेपलच्या झाडापासून मला सुताराने घडवलं आणि मी मेहिटाबेल थर्लोच्या स्वयंपाकघरात आले. मित्रांनो, सकाळी ती माझ्यावर पीठ मळायची. दुपारी मला उलटी करून, माझ्यावर कागद ठेवून गोष्टी लिहायची. घरात मेज होतं, पण ते तिच्या नवऱ्याचं. असाहेल थर्लो चर्चचे कारभारी होते ना!

तिच्या गोष्टीत झिल्फा नावाची मुलगी होती. ठरलेलं लग्न मोडून ती शहरात छापखान्यात कामाला जाणार होती. शेवटचं पान लिहून झालं आणि दारात असाहेलचे बूट वाजले. मेहिटाबेलने ओलं पान झटकन माझ्यावर पालथं घातलं. शाई माझ्या अंगात मुरली ती कायमचीच.

तिने गोष्टीची नक्कल करून एका साप्ताहिकाला पाठवली. उत्तर आलं ते नवऱ्याच्या नावाने. बायकोची पत्रं नवऱ्याच्याच नावाने यायची. असाहेलनी ते जेवताना मोठ्याने वाचलं. संपादकांचं म्हणणं, मुलीला पस्तावा होऊन तिचं लग्न व्हावं, नाहीतर ती तापाने मरावी.

"बरोबरच आहे की!" असाहेल म्हणाले. "पोरगी घर सोडते आणि तिचं काहीच वाईट होत नाही? असं कुठं असतं का?"

"अहो, पण तिने कुणाचं काय बिघडवलंय?"

"लोक मला तोंडावर विचारतील, कारभारी, बायकोला हेच शिकवलंत का? लग्न लावून दे तिचं."

मेहिटाबेलने ताटल्या उचलल्या. मग म्हणाली, "ताप आणते. निदान त्या माणसाच्या घरी नांदावं तरी लागणार नाही तिला."

तिने झिल्फाला मारलं, माझ्यावरच कागद ठेवून. खरं पान चुलीत घातलं. गोष्ट छापून आली आणि गावातल्या बायका डोळे पुसत आल्या. "किती सुंदर मेली हो तुमची झिल्फा!" म्हणाल्या. मला त्यांचा इतका राग आला! मेहिटाबेलने त्यांना चहा दिला. त्यानंतर तिने मला कधी उलटं केलं नाही. वीस वर्षं नुसते पाव झाले.

आता मी गावच्या संग्रहालयात भिंतीवर आहे. खाली पाटी आहे, 'एका आदर्श गृहिणीची फळी'. पिठाची बाजू तुमच्याकडे, शाईची भिंतीकडे. दर वर्षी मला प्रेमाने तेल लावतात. जळलं मेलं ते तेल!

मित्रांनो, माझी एवढी निगा नका राखू. मला खिळ्यावरून काढा, उलटी करा आणि समोर आरसा धरा, कारण अक्षरं उलटी उमटली आहेत. फिकट झालीत, पण वाचता येतील: 'झिल्फाने टोपी घातली, दार उघडंच टाकलं आणि ती चालू लागली. थंडी होती. तिला फार बरं वाटलं.'