वखवख

ताईच्या बेकरीत धाकटी बहीण केक सजवायची. बारीक व्हायचं म्हणून तीन आठवडे ती काकडी आणि काळ्या कॉफीवर होती. आज क्रीमची फुलं काढता काढता तिला अशी वखवख सुटली, की दाराला कडी लावून तिने गिऱ्हाइकाचा अर्धा केक हातानेच संपवला.

दार वाजलं. "झाला का गं? माणूस खोळंबलाय!"

धाकटी बेसिनवर वाकली. बोटं घशात घालणार, तोच ताईने दार ढकललं. आतून कडी आहे हे कळताच तिचा आवाज बदलला. "आधी दार उघड."

तिने उघडलं. ताईने केक पाहिला, तिची क्रीमने माखलेली बोटं पाहिली.

"काल काय जेवलीस?"

"काही नाही."

"परवा?"

धाकटीला रडू फुटलं.

ताईने माणसाची माफी मागून दुकान बंद केलं आणि ती धाकटी व बेसिन यांच्या मधे स्टूल टाकून बसली. "पोट शांत होऊ दे. मग दोघी डॉक्टरांकडे जाऊ."