बेवारस तबकडी

सुभेदार नाथाजी फौजेतून औंधला परतले ते दोन सवयी घेऊन. प्रत्येक गोष्टीची पावती मागायची आणि बेवारस वस्तूला हात लावायचा नाही. पहिलीचा त्रास दुकानदारांना व्हायचा, दुसरीचा घरच्यांना.

नव्व्याण्णव साली लेक क्रांतीसाठी त्यांनी एका पतसंस्थेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला, पावतीसकट. संस्थेनं आतलं सगळं पुसून दिलं होतं. ऑपरेटिंग सिस्टीम घातल्याशिवाय हा नुसता खोका, असं क्रांतीनं सांगितलं. आणि सोमवारी तिला साताऱ्याच्या कॉलेजात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता. नाही चालला तर वर्ष वाया. कॉलेजात पोरं चाळीस, मशीन सहा, त्यातली दोन दसऱ्याच्या पूजेत हळदकुंकू पडल्यापासून बंद, म्हणून तयारी घरीच करायची होती.

शेजारच्या पारूबाईंचा बुद्धभूषण पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीला होता. सुट्टीवर आला तो लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी घेऊन. म्हणाला, काका, फुकट आहे, घाला बिनधास्त.

सुभेदार जागच्या जागी सावध झाले.

"फुकट? सरहद्दीवर आमाला फुकट एकच वस्तू मिळायची. सुरुंग."

सीडी अंगणात घमेल्याखाली गेली, वर दगड. दोन दिवस म्हैस लांबून हिंडवली. तिसऱ्या दिवशी, काही फुटलं नाही हेच जास्त संशयाचं, असं ठरवून सुभेदारांनी ती परत धाडायला सांगितली. आता शेजाऱ्याची डबी नुसती कशी धाडायची? सुभेदारांच्या बायकोनं, बनुबाईंनी, रीतीप्रमाणे सीडीच्या डबीत गुळाचा खडा घातला आणि झाकण दाबून बसवलं.

शनिवारी सुभेदार साताऱ्याला कॉम्प्युटरवाल्या जयराजच्या दुकानी गेले. जयराजनं विंडोजची सीडी पुढं ठेवली. खरी किंमत हजारांत, पण सुभेदारसाहेबांना अशीच, असं म्हणाला. सुभेदारांनी पावती मागितली. याची पावती नसते, असं कळलं. मग कंपनीचा खोका मागितला. जयराजनं शटर अर्धं ओढलं आणि आवाज खाली आणला.

"आवं, समदा सातारा हीच वापरतोय. फकस्त कुटं बोलू नका."

सुभेदार पुढच्या एसटीनं परतले ते थेट पारूबाईंच्या दारात. बुद्धभूषणला त्यांनी उभ्यानंच विचारलं, तुझ्या त्या सीडीचा काही कागद हाय का? कागद होता, इंग्रजीत, आठ पानी. क्रांतीला बोलावून तो दोनदा वाचून घेतला. मतलब एवढाच, की वापरा, आत उघडून बघा, प्रती काढून गावभर वाटा. मात्र ज्याला द्याल त्यालाही हीच मुभा द्या.

"म्हंजे हजारांची वस्तू लपवायची आन् फुकटची वाटायची," सुभेदार म्हणाले. "काय तरी काळंबेरं हाय. पर कागद हाय. आण ती सीडी."

पारूबाईंनी सीडी आणली. लोट्यासारखी लख्ख. गुळानं पार चिकट झालेली, मुंग्या लागलेली वस्तू परक्याला कशी द्यायची, म्हणून त्यांनी ती सकाळीच राखेनं घासून उन्हात वाळवली होती. दोन्ही बाजूंनी.

क्रांतीनं ती मशीनमध्ये घातली. मशीननं घरघर केली आणि सीडी बाहेर ढकलली. क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारला एक दिवस उरला होता.

बुद्धभूषण आपल्या घरी गेला आणि दुसरी घेऊन आला. म्हणाला, तीन प्रती काढून ठेवल्यात, परवानगीच आहे.

सुभेदारांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"आदीच काढून ठेवल्या? तुला कसं ठावं, एक खराब हुणार ते?"

रविवारी दुपारी प्रोग्रॅम चालला. सोमवारी साताऱ्यातही चालला. वर्ष वाचलं.

मंगळवारी सुभेदारांनी क्रांतीकडून पावती लिहून घेतली: "एक नग तबकडी, फुकट, दिली." खाली बुद्धभूषणची सही घेतली आणि ती पेन्शनच्या कागदांत ठेवली. बनुबाई परत धाडायच्या सीडीच्या डबीत गूळ भरतच होत्या, तेवढ्यात पारूबाईंनी भिंतीवरून हाक दिली.

"बनुबाय, ह्या खेपंला गूळ फडक्यात बांदून धाडा."