आतून धरलेली वाफ

झाडांची पानं अजून पुरती पिवळीसुद्धा झाली नव्हती, आणि रेडिओवर सांगून टाकलं की आज संध्याकाळपासून तीन दिवस पारा शून्याखाली जाणार. इतक्या लवकर गोठवणारी थंडी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. वहिनींचा फोन सकाळपासून ठणाणा करत होता.

नळाची कामं खरं तर त्यांच्या नवऱ्याची. दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि त्याची कंबर कायमची धरली. तेव्हापासून पाना वहिनींच्या हातात आला. लोकांच्या तोंडी मात्र त्या वहिनीच राहिल्या, आणि नवरा पलंगावरून हुकूम सोडत राहिला.

"टेकडीवरची बंद घरं आधी घे," तो म्हणाला. "माणसं असतात तिथं पाणी खेळतं राहतं. बंद घरात साचलेलं पाणी गोठलं की पाइप शेंगेसारखा उकलतो. आणि फ्लशची टाकी रिकामी करायला विसरू नकोस. मागच्या वेळी विसरलीस."

"ते तुम्ही विसरला होतात, अहो, पडायच्या आधीच्या थंडीत. मी तेव्हा घरी धुणी वाळत घालत होते."

टेकडीवरची घरं उरकता उरकता दुपार कलली. शेवटचं घर बाईंचं. बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वसंतात वारल्या. मुलगा दूर देशी होता. त्यानंच सकाळी फोन करून सांगितलं होतं, की घरातलं पाणी सोडून द्या, किल्ली समोरच्या शिंपीकाकांकडे आहे.

शिंपीकाकांनी किल्ली लगेच काढून दिली नाही. सत्तरी ओलांडलेला, बारीक चणीचा माणूस, गळ्यात मापाची टेप.

"सगळं पाणी सोडायलाच हवं का?"

"हवंच की. कुणी राहतंय का तिथं?"

"नाही, राहतंय कोण," काका म्हणाले आणि किल्ली पुढं केली. पण बोटं सुटायला वेळ लागला.

बाईंच्या घरात शिरताच वहिनींनी सवयीनं जिन्याखालचं पाण्याचं मीटर पाहिलं. काटा फिरत होता. अगदी सावकाश, पण फिरत होता. वहिनींना वाटलं, गळती. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. टिपटिप कुठंच नव्हती.

स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं. नळ सुईच्या नेढ्याएवढा उघडा होता, आणि त्याच्या तोंडाला पांढरा दोरा बांधून बेसिनच्या भोकापर्यंत सोडलेला होता. पाणी त्या दोऱ्यावरून गुपचूप उतरत होतं. बाईंची ही जुनी युक्ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती: पाणी वाहतं राहतं, पाइप गोठत नाही, आणि आवाजानं झोपमोड होत नाही. पण बाईंना जाऊन सहा महिने झाले होते. दोरा मात्र कोरा करकरीत होता.

वहिनींनी आधी दोरा सोडला. मग मेन कॉक बंद केला, सगळे नळ उघडे टाकले, फ्लशची टाकी रिकामी केली. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून परत येताना बाईंच्या झोपायच्या खोलीचं दार दिसलं. तिथं नळ नव्हता. तरी त्यांनी दार ढकललं.

पलंग उघडा, गादी गुंडाळलेली, कपाट रिकामं. खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. वहिनींनी बोट टेकवलं. बोट ओलं झालं.

वाफ आतून होती.

त्यांनी पलंगाखाली पाहिलं, दारामागं पाहिलं. मग हत्यारांची पिशवी उचलून त्या जिना उतरल्या त्या थेट रस्त्यावर, आणि कुलूप लावून किल्ली काकांना परत देऊन टाकली.

घरी गेल्यावर नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि तो उशीवर रेलला. "रिकाम्या घराची काच आतून ओली होत नाही. आत कुणीतरी श्वास घेतंय. अगं, आडोशाला कुणी शिरलं असेल. उद्या एकटी जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पांढरं पडलं होतं. कुंपणाच्या तारा, गाड्यांचे टप, कोपऱ्यावरची बाकडी, सगळ्यांवर मीठ भुरभुरल्यासारखा थर. फुलझाडं एका रात्रीत उकडल्यासारखी काळी पडली होती. ऊन वर येताच वहिनींनी शिंपीकाकांना सोबत घेतलं.

दार उघडून त्यांनी मीटर पाहिलं. काटा फिरत होता. मेन कॉक उघडा. स्वयंपाकघरात नळाला पुन्हा दोरा.

"काका," वहिनी म्हणाल्या, "हा दोरा तुमच्या दुकानातला आहे."

काकांनी मान खाली घातली. "काल तुम्ही गेलात आणि मी येऊन चालू केलं. रागावू नका. शेवटी शेवटी बाईंना बोलताही येत नव्हतं धड. तरी माझा हात धरून म्हणाल्या, थंडी पडली की माझा नळ तेवढा बघा. मी हो म्हटलं. मग संध्याकाळी येतो, नळ बघतो, इथं स्टुलावर घटकाभर बसतो आणि जातो."

वहिनींच्या जिवात जीव आला. त्या हसल्यासुद्धा. "अहो काका, मला सांगायचं होतं ना! वरच्या खोलीत वाफ पाहून माझी पाचावर धारण बसली होती. तुम्हीच जाऊन बसत असणार तिथं."

"वरच्या?" काका म्हणाले. "वहिनी, मी वर कधीच गेलो नाही. त्या असतानासुद्धा नाही. बरं दिसलं नसतं."

मग काका कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले, आणि त्यांच्या मागून वहिनी.

खोलीतली काच आतून बर्फानं भरली होती. पांढऱ्या नक्षीची पानं एकमेकांत गुंतत चौकटीपर्यंत गेली होती. फक्त मध्ये, बाईमाणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बशीएवढा गोल स्वच्छ होता. त्यातून थेट काकांच्या दुकानाचं दार दिसत होतं.

वहिनी काही बोलणार, तेवढ्यात त्या गोलावर वाफ पसरली. मग हळूहळू आटली. मग पुन्हा पसरली, पुन्हा आटली. सावकाश, एका लयीत, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

वहिनींचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. पण त्या दाराशी होत्या आणि काका पलंगापाशी. काचेपाशी कुणीच नव्हतं.

काकांनी टोपी काढली. "बाई," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "नळ चालू आहे बरं का."

वाफ पसरली आणि बराच वेळ आटलीच नाही.

वहिनी खाली आल्या. त्यांनी मेन कॉक बंद केला नाही. उलट पिशवीतून जुनी पोती काढून जिन्याखालच्या पाइपला घट्ट गुंडाळली. बाईंच्या मुलाला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "घराची काळजी करू नका. मी बघते आहे."

तिसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. सकाळी आठला काकांचाच फोन. "वहिनी, या लगेच. रस्त्यावरून वरची खिडकी सगळी पांढरी दिसते आहे."

वहिनी पळत गेल्या. काच काठोकाठ गोठली होती, गोल बुजला होता. काकांनी त्यावर तळहात टेकवला आणि लाल होईपर्यंत तसाच ठेवला. काही झालं नाही. स्वयंपाकघरात दोऱ्याभोवती बर्फाची बोटभर जाड काडी उभी होती, नळापासून बेसिनपर्यंत. पाणी थांबलं होतं.

"काका, आता वेळ घालवून चालायचं नाही. पाइप फुटला तर घर वाहून जाईल."

"बंद करा," काका म्हणाले. मग लगेच, "थांबा. ते माझ्या हातानं होऊ द्या."

वहिनी मेन कॉकपासून बाजूला झाल्या. काकांनी तो दोन्ही हातांनी, शिलाईयंत्राचं चाक फिरवावं तसा जपून फिरवला. वहिनींनी काकांच्या दुकानातून आणलेल्या किटलीतलं गरम पाणी कापडावर घेऊन पाइप शेकला, नळ मोकळे केले, आणि घरातलं उरलंसुरलं पाणी गुडगुड करत निघून गेलं. शेवटचा आवाज बंद झाल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. "गेल्या म्हणायचं," ते म्हणाले. मग गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत, "आता संध्याकाळी मी काय करू?"

वहिनींनी हत्यारं पिशवीत भरली. "आमच्याकडे या," त्या शेवटी म्हणाल्या. "आमचे हे दिवसभर पलंगावर पडून बडबडत असतात. मी कामावर गेले की ऐकायला माणूस नसतो घरात."

संध्याकाळी गारठा जरा उतरला. काका आले. दारात चपला काढून बराच वेळ अवघडून उभे राहिले, मग खुर्चीत बसले. नवऱ्यानं त्यांना त्या विसरलेल्या फ्लशच्या टाकीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. वहिनींनी चहा ठेवला, आणि पातेल्याची वाफ काचेवर आतून धरायला लागली तशी खिडकी उघडून ती बाहेर जाऊ दिली.