तिसरी तपासणी

विजेच्या प्रशिक्षण वर्गात मास्तरांचा एकच हट्ट होता. पॅनलला हात लावायच्या आधी टेस्टर चालू सॉकेटवर तपासायचा, मग पॅनल तपासायचं, आणि मग टेस्टर पुन्हा सॉकेटवर लावायचा. मधल्यामध्ये टेस्टरच मेला असेल तर? पण हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून परीक्षेला मास्तर मुद्दाम आतली वायर सैल केलेला टेस्टर द्यायचे. त्याचा दिवा एकदा लागायचा, मग वायर हलली की गप्प. पॅनलचा स्विच आधीच बंद करून त्याला कुलूप लावलेलं असायचं, त्यामुळे धोका फक्त निकालाला.

याच टेस्टरपायी मास्तरांची स्वतःची लेक दोनदा नापास झाली होती. घरात बायको कामापुरतंच बोलायची. "लोक आपल्या मुलांना वर काढतात, आणि आमच्याकडे बघा!" आज तिसरी, शेवटची संधी. चुकली तर वर्गातून नाव कमी होणार होतं. तरी मास्तरांनी टेस्टर तोच दिला. वीज काही नातं बघत नाही.

पहिला नंबर तिचाच होता. तिने सॉकेट तपासलं, दिवा लागला. पॅनल तपासलं, लागला नाही. तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला तसे मास्तरांनी डोळे मिटले. गेली पोर, त्यांना वाटलं.

"सर, टेस्टर मेलाय." वर्गात ती त्यांना बाबा म्हणत नसे.

त्यांनी डोळे उघडले. टेस्टर पुन्हा सॉकेटवर होता. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"झालीस पास! जा, बस जागेवर."

"दुसरा द्या ना. पॅनल कुठे तपासून झालंय अजून?"

बापाचाच हट्ट! मास्तरांनी हसत खिशातला चांगला टेस्टर काढून दिला. तिने तो आधी सॉकेटवर तपासला, मग पॅनलला लावला. दिवा भक्कन पेटला.

पॅनल चालू होतं. सकाळी कुलूप मास्तरांनीच लावलं होतं, पण शेजारच्या स्विचला. बावीस वर्षांच्या सवयीने, काही न तपासता. ते स्विचकडे वळले. तेवढ्यात लेकीने जाऊन मेन स्विच पाडला.

मास्तरांनी निकालाच्या कागदावर तिच्यापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं. मग यादीच्या तळाशी स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'नापास'.

"सोमवारी माझी फेरपरीक्षा," ते म्हणाले. "टेस्टर कुठला द्यायचा, ते हीच ठरवेल."